पुस्तके, संगीत आणि व्हिडिओच्या दुकानसाखळ्या का बुडाल्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे नेमक्या कोणत्या दुकानांविषयी माहिती आहे?

मुख्यतः अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मोठ्या साखळ्यांविषयी. पुस्तकांच्या बॉर्डर्स, बार्न्स अँड नोबल आणि वॉटरस्टोन्स. संगीताच्या टॉवर रेकॉर्ड्स, एचएमव्ही आणि व्हर्जिनमधून निघालेली झॅव्ही. व्हिडिओ भाड्याने देणारी ब्लॉकबस्टर. माल वेगळा असला तरी धंद्याची बांधणी सारखीच: मोठी जागा, हजारो शीर्षके, उधारीवर आलेला माल आणि वर्षभराची कमाई नाताळच्या काही आठवड्यांत.

इंटरनेटमुळे बुडाली, एवढे उत्तर पुरेसे नाही का?

निम्मे बरोबर आहे. गिऱ्हाईक नेटवर गेले आणि विक्री घटली, हे खरेच. पण विक्री घटली म्हणून प्रत्येक दुकान बुडत नाही. काही आकसतात आणि तग धरतात. बुडालेल्या साखळ्यांचे हिशेब उघडले की कर्जाचे हप्ते, मोडता न येणारे भाडेकरार आणि पुरवठादारांची थकबाकी या तीन गोष्टी बहुतेक वेळा एकत्र सापडतात.

टॉवर रेकॉर्ड्सचे बघा. १९६० साली सॅक्रामेंटोत सुरू झालेली ही साखळी २००६ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत बंद झाली. तेव्हा स्पॉटिफाय सुरूही झालेले नव्हते आणि आयट्यून्सचे दुकान जेमतेम साडेतीन वर्षांचे होते. अमेरिकेत सीडीचा सर्वाधिक खप २००० साली झाला, सुमारे ९४ कोटी नग. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९९८ मध्ये, टॉवरने विस्तारासाठी ११ कोटी डॉलरचे रोखे काढले होते. व्याज भरायची वेळ आली ती खप उतरणीला लागल्यावर. २००४ मध्ये पहिली दिवाळखोरी, २००६ मध्ये दुसरी. जपानमधली टॉवर मात्र २००२ मध्येच तिथल्या व्यवस्थापनाने विकत घेऊन वेगळी केली होती; ती आजही चालू आहे. नाव तेच, माल तोच, डोक्यावरचे ओझे वेगळे.

विक्री थोडीशी घटली तरी एवढे मोठे दुकान तोट्यात कसे जाते?

हे आकडे केवळ समजण्यासाठी. एका दुकानाची वर्षाची विक्री ५० लाख डॉलर आहे. मालाची किंमत वजा जाता ४० टक्के, म्हणजे २० लाख हातात राहतात. भाडे, पगार, वीज आणि विमा मिळून साडेअठरा लाख. नफा दीड लाख. आता विक्री फक्त १० टक्क्यांनी घटली: ४५ लाखांवर ४० टक्के म्हणजे १८ लाख. खर्च होता तेवढाच आहे, कारण गाळा लहान होत नाही आणि काउंटरवर माणूस लागतोच. दीड लाखाच्या नफ्याचा अर्धा लाख तोटा झाला.

यात अजून सूट धरलेली नाही. छापील किंमत २० डॉलर असलेले पुस्तक दुकानदाराला साधारण ४५ टक्के कमिशनने ११ डॉलरला पडते. पूर्ण किमतीला विकले तर ९ डॉलर सुटतात. स्पर्धेपायी ३० टक्के सूट दिली की ते १४ डॉलरला जाते आणि उरतात ३. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ३० टक्के सूट, दुकानदाराच्या दृष्टीने दोन तृतीयांश कमाई गेली.

सुपरमार्केटांनी काय बिघडवले?

पुष्कळ, आणि अ‍ॅमेझॉनच्या गदारोळात ते विसरले जाते. पुस्तकांच्या किंवा संगीताच्या दुकानात थोडीच शीर्षके धो धो खपतात. बाकीची महिनोन्‌महिने फळीवर बसतात. खपणाऱ्यांच्या कमाईवर बसणाऱ्यांचे पोट चालते. वॉलमार्ट आणि टीव्ही-संगणक विकणारी बेस्ट बाय यांनी नेमकी खपणारी शीर्षके उचलली आणि गिऱ्हाईक आत यावे म्हणून खरेदीच्या भावात, कधी त्याखालीही विकली. त्यांना सीडीवर कमवायचे नव्हते. सीडी घ्यायला आलेला माणूस टीव्ही बघून जावा, एवढेच हवे होते.

गंमत म्हणजे त्याच बेस्ट बायने २००१ मध्ये म्युझिकलँड ही संगीताची साखळी विकत घेतली आणि २००३ मध्ये रोख एक डॉलरही न घेता, देणी उचलण्याच्या बोलीवर देऊन टाकली.

ब्रिटनमध्ये छापील किमतीखाली पुस्तक विकू नये असा प्रकाशक-विक्रेत्यांचा करार १९०० पासून होता. तो १९९५ मध्ये मोडला आणि १९९७ मध्ये बेकायदा ठरला. त्यानंतर तिथेही सुपरमार्केटांना हे रान मोकळे झाले.

पुस्तके न खपल्यास परत पाठवता येतात ना? मग दुकानाला धोका कसला?

येतात. अमेरिकेत ही पद्धत १९३० च्या मंदीत रुळली: दुकानाने माल घ्यावा, न खपलेला साधारण तीन महिन्यांनंतर आणि वर्षाच्या आत परत करावा, रक्कम पुढच्या बिलातून वळती व्हावी. स्वस्त पॉकेटबुकांची तर मुखपृष्ठे फाडून तेवढीच पाठवतात. उरलेले पुस्तक रद्दीत.

धोका असा, की यामुळे खरेदी करणारा बेफिकीर होतो. मुख्य कार्यालयातला एक माणूस शेकडो दुकानांसाठी एकच आकडा लिहितो, कारण चुकला तरी माल परत जाणारच आहे. पण पेट्या भरायला माणसे लागतात, वाहतूक लागते, आणि तेवढे महिने त्या जागेवर खपणारे पुस्तक बसू शकलेले नसते. शिवाय रोकड कमी पडली की साखळी परतीचा उपयोग पैशासारखा करू लागते: बिल भरायचे नाही, जुना माल परत टाकायचा आणि त्या जमेवर नवा माल उचलायचा. अशाने जी जुनी, हळू खपणारी पण दुकानाची ओळख असलेली पुस्तके असतात, तीच आधी फळीवरून जातात.

पुरवठादारांनी उधारी बंद केली की काय होते?

दुकान काही आठवड्यांत रिकामे दिसू लागते. बॉर्डर्सचा क्रम यासाठी पाठ करण्यासारखा आहे.

१९७१ मध्ये अ‍ॅन आर्बरमध्ये दोन भावांनी हे दुकान काढले. प्रत्येक शाखेत काय खपते याचा माग ठेवणारी संगणक यंत्रणा ही त्यांची खरी ताकद होती. १९९२ मध्ये केमार्ट या मोठ्या दुकानसाखळीने ती विकत घेतली आणि १९९५ मध्ये वेगळी केली. २००१ ते २००८ या काळात बॉर्डर्सची ऑनलाइन विक्री अ‍ॅमेझॉनच सांभाळत होते, म्हणजे गिऱ्हाइकाची सवय प्रतिस्पर्ध्याच्या हाती. २००६ नंतर तिला वार्षिक नफा झालाच नाही. डिसेंबर २०१० च्या शेवटी काही प्रकाशकांची देणी लांबणीवर टाकत असल्याचे तिने जाहीर केले. ते ऐकल्यावर अनेकांनी माल पाठवणे थांबवले. १६ फेब्रुवारी २०११ ला चॅप्टर ११ (धंदा सावरण्याची संधी देणारा अमेरिकी दिवाळखोरीचा कायदा) खाली अर्ज. तेव्हा एकट्या पेंग्विनचे येणे ४ कोटी डॉलरहून जास्त होते. जुलैमध्ये कंपनी विकत घेणारा न मिळाल्याने सगळी साखळी मोडीत निघाली: ३९९ दुकाने, सुमारे १०,७०० नोकऱ्या.

ब्रिटनमध्ये ही पडझड पुरवठादाराकडून दुकानाकडे गेली. वुलवर्थ्स ही जुनी दुकानसाखळी नोव्हेंबर २००८ मध्ये कोसळली. तिचीच घाऊक शाखा ईयूके झॅव्हीला माल पुरवत होती. ऐन नाताळच्या हंगामात पुरवठा तुटला आणि २४ डिसेंबरला झॅव्हीही अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे दिवाळखोरीत प्रशासकाच्या हाती, गेली. एकाच घाऊक विक्रेत्यावर विसंबलेले दुकान आपल्या चुकीने बुडेलच असे नाही. दुसऱ्याच्या चुकीनेही बुडते.

ब्लॉकबस्टरने नेटफ्लिक्स विकत घ्यायला नकार दिला, म्हणून ती संपली. बरोबर?

हा किस्सा नेटफ्लिक्सच्या संस्थापकांनी सांगितलेला आहे: २००० साली ५ कोटी डॉलरला देऊ केली, ब्लॉकबस्टरने हसण्यावारी नेली. किस्सा चांगला आहे, पण त्याच्या आडून खरे कारण दिसेनासे होते.

ब्लॉकबस्टर मठ्ठ लोकांची कंपनी नव्हती. व्हिडिओ कॅसेट पूर्वी दुकानाला सुमारे ६५ डॉलरला पडे. त्यामुळे दुकाने मोजक्या प्रती घेत आणि नवा चित्रपट पहिल्या आठवड्यांत मिळतच नसे, नेमकी तेव्हाच सर्वांत जास्त मागणी असे. १९९० च्या दशकाच्या शेवटी तिने स्टुडिओंशी वाटणीचा करार केला: कॅसेट साधारण ८ डॉलरला, बदल्यात भाड्यातला ठरलेला हिस्सा. प्रती वाढल्या, रिकाम्या हाताने परतणारे गिऱ्हाईक कमी झाले. त्या काळातली ही उत्तम चाल होती.

मग तीन गोष्टी घडल्या. पहिली, डीव्हीडी. ती सुरुवातीपासून घरी विकत घेण्याच्या भावात आली, शिवाय पातळ आणि हलकी असल्याने साध्या पाकिटातून टपालाने जाऊ लागली. नेटफ्लिक्सचा मूळ धंदा याच पाकिटावर उभा राहिला. दुसरी, विलंब शुल्क. २००० साली त्यातून सुमारे ८० कोटी डॉलर येत होते. ज्या उत्पन्नाचा गिऱ्हाइकाला राग येतो त्यावर एवढे विसंबणे धोक्याचे, पण सोडणेही सोपे नाही. २००५ मध्ये ते बंद केल्यावर ताळेबंदात भगदाड पडले. तिसरी गोष्ट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. २००४ मध्ये व्हायाकॉम या मालक कंपनीपासून वेगळे होताना प्रत्येक शेअरमागे ५ डॉलरचा खास लाभांश वाटला गेला, एकूण सुमारे ९० कोटी डॉलर, आणि त्यासाठी कंपनीने कर्ज काढले. दुकाने ९,००० हून अधिक, म्हणजे शिखरावर, आणि नवा धंदा उभारायला जो पैसा लागणार होता तो त्याच वर्षी बाहेर गेला. पुढे ऑनलाइन सेवा काढली, ती गिऱ्हाइकांना आवडलीही. पण तोटा सोसायची ऐपत उरली नव्हती. २३ सप्टेंबर २०१० ला चॅप्टर ११.

एक डॉलरला रात्रभर डीव्हीडी देणारे रेडबॉक्सचे यंत्र तिचा काळ ठरले असे म्हणतात. ती रेडबॉक्स कंपनीही २०२४ मध्ये मोडीत निघाली.

तोट्यातली दुकाने आधीच का बंद करत नाहीत?

कारण भाडेकरार १०-१५, कधी २० वर्षांचे असतात. दुकान बंद केले तरी भाडे चालूच राहते. म्हणूनच बऱ्याच साखळ्या दिवाळखोरीचा अर्ज करतात तो करार मोडता यावेत म्हणून. अमेरिकेत त्या कायद्याखाली करार सोडता येतो आणि घरमालकाच्या भरपाईवर मर्यादा येते: एक वर्षाचे भाडे किंवा उरलेल्या मुदतीच्या १५ टक्के यांतले जे जास्त ते, पण तीन वर्षांच्या भाड्यापेक्षा अधिक नाही.

यात २००५ मध्ये एक बारीक पण घातक बदल झाला. कोणता करार ठेवायचा आणि कोणता सोडायचा हे ठरवायला न्यायालय पूर्वी मुदतवाढ देत राही. आता १२० दिवस, वर ९० दिवसांची एक वाढ, एकूण २१०. त्यापुढे प्रत्येक घरमालकाची लेखी संमती. माल विकून जागा रिकामी करायलाच तीन-चार महिने लागतात, ते वजा केले की सावरायला उरतात जेमतेम तीन महिने, आणि त्यात बहुधा नाताळही येत नाही. बॉर्डर्सच्या १६ फेब्रुवारीत २१० दिवस मिळवून बघा. सप्टेंबरचा मध्य येतो. शेवटची दुकाने सप्टेंबरमध्येच बंद झाली.

ब्रिटनमध्ये दुकानभाडे परंपरेने तिमाही आणि आगाऊ द्यायचे असते: २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर, २५ डिसेंबर. तिथल्या साखळ्या नाताळच्या आगेमागे का कोसळतात याचे बरेचसे उत्तर या तारखांत आहे. एचएमव्हीची दोन्ही संकटे पाहा: जानेवारी २०१३ आणि डिसेंबर २०१८.

माझ्याकडे अशा दुकानाचे गिफ्ट कार्ड आहे. काय करू?

बातमी कानावर येताच खर्च करा. उद्या नाही, आजच.

कार्ड म्हणजे तुम्ही दुकानाला दिलेले बिनतारणी कर्ज. दुकान दिवाळखोरीत गेले की कार्ड घ्यायचे की नाही हे प्रशासक किंवा न्यायालय ठरवते. जानेवारी २०१३ मध्ये एचएमव्हीच्या प्रशासकांनी आधी कार्डे नाकारली, ओरड झाल्यावर आठवड्याभरात पुन्हा स्वीकारली. सगळीकडे ओरड कामी येईलच असे नाही.

दुकानाने नकार दिला तर: कार्ड आणि पावती दोन्हींचे फोटो काढा. कार्ड क्रेडिट किंवा डेबिट कार्डने घेतले असेल तर बँकेकडे चार्जबॅक (व्यवहार उलटवून पैसे परत) मागा. त्याला मुदत असते, थांबू नका. अमेरिकेत न्यायालयाने ठरवलेल्या तारखेच्या आत दावा दाखल करा. अशा दाव्यांना अग्रक्रम मिळतो का यावर तिथल्या न्यायालयांत एकमत नाही, पण तारीख चुकली तर प्रश्नच मिटतो. बॉर्डर्सच्या वेळी उशिरा आलेल्या कार्डधारकांचे हेच झाले.

‘दुकान बंद, सर्व माल विकणे आहे’ या सेलमध्ये खरेच स्वस्त मिळते का?

पहिल्या दोन आठवड्यांत सहसा नाही. सेल चालवणारी कंपनी वेगळी असते. तिने मालाच्या किमतीचा ठरावीक भाग आधीच हमी म्हणून दिलेला असतो आणि त्यावर सुटेल तो नफा तिचा. त्यामुळे सुरुवात छापील किमतीवर १० ते ३०-४० टक्क्यांनी होते. सभासदांची सूट आणि कूपने तोवर बंद झालेली असतात, म्हणजे कधी कधी तीच वस्तू मागच्या महिन्यात स्वस्त होती.

सूट दर आठवड्या-दोन आठवड्यांनी वाढते. ४०-५० टक्क्यांच्या आसपास चांगला माल संपतो. ८०-९० टक्क्यांना उरतात ती जुनी कॅलेंडरे आणि परीक्षांची कालबाह्य पुस्तके. ठरावीक शीर्षक हवे असेल तर ४० टक्क्यांना घेऊन टाका, काहीही चालणार असेल तर थांबा. घेतलेला माल परत होत नाही, म्हणून बॉक्स-सेट उघडून डिस्क मोजा. सेलसाठी बाहेरून आणलेला हलका मालही मध्ये मिसळतात. दुकानात कधीच नसलेल्या वस्तूंचे ढीग दिसले तर ओळखा. लाकडी कपाटे शेवटच्या आठवड्यात फार स्वस्त जातात, फक्त वाहतूक तुमची तुम्हाला करावी लागते.

आम्ही छोटे प्रकाशक आहोत. एखादी साखळी डळमळतेय हे आधी कसे ओळखायचे?

वर्तमानपत्राआधी फळी सांगते. ९० सेंटीमीटरच्या फळीवर अडीच सेंटीमीटर जाडीची ३५-३६ पुस्तके कणा बाहेर ठेवून उभी राहतात. मुखपृष्ठ समोर करून ठेवली तर पाच-सहा शीर्षकांत फळी भरल्यासारखी दिसते. पूर्वी कणे असलेल्या विभागात अचानक सगळी मुखपृष्ठे दिसू लागली, तर मागे माल नाही.

दुसरी खूण: परतीच्या पेट्या वाढतात आणि त्याच पुस्तकाची नवी मागणी दोन-तीन आठवड्यांत पुन्हा येते. तिसरी: ६० दिवसांचे बिल ९० वर, मग ‘हिशेब जुळत नाही’ म्हणून अडकते. चौथी: उधारीचा विमा देणारे त्या नावावर संरक्षण कमी करतात. ही खूण दिसली की वाद घालत बसू नका.

मग एकाच गिऱ्हाइकाकडे किती येणे अडकू द्यायचे याचा आकडा ठरवा आणि विक्रीखात्याने कितीही गळ घातली तरी तो ओलांडू नका. मोठी मागणी दोन-तीन हप्त्यांत पाठवा, पुढचा हप्ता मागचे पैसे आल्यावर. अमेरिकेतल्या साखळीला माल देत असाल तर पोचपावतीवर तारीख आणि सही असलीच पाहिजे: अर्जाच्या आधीच्या २० दिवसांत दुकानाला मिळालेल्या मालाच्या पैशाला अग्रक्रम असतो, त्याआधीच्या मालाचे येणे सर्वसाधारण धनकोंच्या रांगेत जाते. उलट बाजूही आहे. अर्जाच्या आधीच्या ९० दिवसांत तुम्हाला नेहमीपेक्षा वेगळ्या रीतीने पैसे मिळाले असतील, तर ते परत मागितले जाऊ शकतात.

कायद्याने पुस्तकाची किंमत ठरवली तर दुकाने वाचतात का?

छोटी दुकाने बऱ्यापैकी. फ्रान्समध्ये १९८१ च्या कायद्याने ५ टक्क्यांहून अधिक सूट देता येत नाही आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३५ युरोंखालच्या ऑनलाइन मागणीवर किमान ३ युरो पाठवणावळ घ्यावी लागते. तरीही व्हर्जिनची फ्रेंच साखळी २०१३ मध्ये बंद पडली. संगीताची विक्री गेली आणि पॅरिसमधल्या शाँज़ेलिज़ेसारख्या ठिकाणचे भाडे राहिले. जर्मनीतही किंमत ठरलेली असते, आणि वेल्टबिल्ड ही पुस्तकविक्री कंपनी २०१४ मध्ये दिवाळखोरीत गेली. सुपरमार्केटपासून हा कायदा वाचवतो. भाड्यापासून नाही.

मग बार्न्स अँड नोबल पुन्हा दुकाने कशी उघडते आहे?

जेम्स डाँट या पुस्तकविक्रेत्याकडे २०११ मध्ये वॉटरस्टोन्सची सूत्रे आली आणि २०१९ मध्ये, एलियट या गुंतवणूक संस्थेने सुमारे ६८ कोटी डॉलरला (कर्ज धरून) विकत घेतल्यावर, बार्न्स अँड नोबलचीही. त्यांनी केलेले बदल धंद्यातल्या माणसाला ओळखीचे आहेत. दर्शनी टेबलावर पुस्तक ठेवण्यासाठी प्रकाशकांकडून घेतले जाणारे पैसे बंद केले. तो बिनकष्टाचा पैसा होता, पण त्यापायी टेबलावर न खपणारी पुस्तके बसत आणि मग परत जात. कोणते पुस्तक किती मागवायचे, कुठे ठेवायचे हे शाखेच्या व्यवस्थापकाकडे दिले. परतीचा माल खूप घटला. नवी दुकाने पूर्वीपेक्षा लहान घेतली जातात. काही तर अ‍ॅमेझॉनने २०२२ मध्ये आपली पुस्तकांची दुकाने गुंडाळल्यावर रिकाम्या झालेल्या जागांत उघडली. २०२४ या एका वर्षात पन्नासहून अधिक.

हे सगळे यशस्वीच होत राहील असे नाही. पगार कमी असल्याची कर्मचाऱ्यांची तक्रार आहे आणि मालक गुंतवणूक संस्था आहे, ती कधीतरी विकणारच.

आणि संगीताची दुकाने? ग्रामोफोन रेकॉर्डमुळे ती परत येतील?

अमेरिकेत २०२० मध्ये रेकॉर्डच्या विक्रीची रक्कम सीडीच्या पुढे गेली. पण पूर्वीच्या सीडीच्या खपाच्या मानाने हा ओढा लहान आहे. एक मजली दुकान चालवेल, चार मजली नाही. एचएमव्ही २०१९ मध्ये सनराइज रेकॉर्ड्सच्या मालकाने घेतली, भाडी खाली आणली आणि रेकॉर्डसोबत टी-शर्ट, खेळणी, कॉमिक्स भरले. १९२१ मध्ये जिथे पहिले दुकान उघडले ती ऑक्सफर्ड स्ट्रीटवरची जागा नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. याआधी २०१३ मध्ये एचएमव्ही वाचली याला एक कारण होते: संगीत आणि चित्रपट कंपन्यांना माल मांडणारे शेवटचे मोठे दुकान गमवायचे नव्हते, म्हणून त्यांनी नव्या मालकाला उधारी दिली. बॉर्डर्सच्या प्रकाशकांपुढे बार्न्स अँड नोबल उभी होती. त्यांना तेवढी निकड नव्हती.

बंद पडलेल्या दुकानाच्या नावाची वेबसाइट चालू दिसते. खरेदी करावी का?

नाव आणि गिऱ्हाइकांची यादी वेगळी विकली जाते. बॉर्डर्सची यादी आणि बोधचिन्हे बार्न्स अँड नोबलने १.३९ कोटी डॉलरला घेतली आणि गिऱ्हाइकांना ईमेल करून नाव काढून घ्यायची मुदत दिली. झॅव्ही हे नाव २००९ मध्ये द हट ग्रुपने घेतले. म्हणजे साइट खरी असू शकते, पण जुने कार्ड, खरेदीवर जमलेले जुने गुण (पॉइंट) आणि जुन्या तक्रारी तिथे चालत नाहीत. शिवाय मोठी दिवाळखोरी झाली की त्या नावाने ‘९० टक्के सूट’ देणाऱ्या बनावट साइट निघतात. पत्ता प्रशासकाच्या किंवा न्यायालयाच्या सूचनेत दिलेला आहे का बघा, आणि पैसे क्रेडिट कार्डनेच भरा.